आडव्या पंख्याची किल्ली

आप्पा रिक्षात बसले की रिक्षावाल्याला डावीकडे, उजवीकडे असं कधी सांगत नसत. "पोर्टला घे," म्हणत. रिक्षावाला गांगरून मागं बघायचा. "पोर्टला म्हन्लं न्हवं? समुद्र बगितलास का कधी?" "न्हाई बगितला," तो खरं तेच सांगायचा. मग आप्पा असा उसासा सोडत, की जणू त्याला रिक्षाचा परवाना देणाऱ्याचीच चूक झाली, आणि बोटीवरचं पोर्ट म्हणजे डावं, हे डावा हात बाहेर काढून दाखवत. तोवर वळण मागं पडलेलं असे. बाजारातून तलावापर्यंतचा रस्ता त्यांना नेहमी लांबच पडायचा.

समुद्र आमच्या गावापासून इतका लांब आहे, की आमच्याकडची निम्मी माणसं तो न बघताच मरतात आणि त्यांचं काही अडत नाही. गाव लातूर आणि नांदेडच्या मधे आहे. नाव सांगत नाही, कारण गावाला अजून आशा आहे. त्या वर्षांत गावाला जिल्हा व्हायचं वेड लागलं होतं. लातूर जिल्हा झाला, मग आम्ही काय घोडं मारलंय, एवढाच त्यामागचा विचार. दुकानांच्या पाट्यांवर गावाच्या नावाखाली 'नियोजित जिल्हा' असं रंगवून झालं होतं. बसस्टँडसमोरच्या सलूनवाल्यानं तर 'जिल्हास्तरीय कटिंग' अशी पाटी लावली आणि दर वाढवले. जिल्ह्यासाठी एक समिती होती, समितीला अध्यक्ष होते, आणि अध्यक्षांचं आडतीचं दुकान होतं. हे अध्यक्ष कुठल्याशा लग्नाला नांदेडला गेले, तिथं गोदावरीच्या पाण्यावर त्यांनी माणसं बोटीतून फिरताना पाहिली आणि परत येऊन समितीला सांगितलं, "जिल्ह्याच्या ठिकानाला बोट लागती."

कलेक्टर लागतो, कोर्ट लागतं, दवाखाना लागतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. बोट लागते.

अशी आमच्या गावात बोट आली. पांढरी, फायबरची, आठ-दहा माणसं बसतील एवढी. पुण्याकडच्या कुठल्याशा जलाशयावरचा क्लब बंद पडला होता, त्याची ती उतरलेली बोट. तिला एक नखरा होता. मागच्या बाजूला, पाण्याखाली, एक आडवी नळी आणि नळीत छोटा पंखा. नेहमीचा पंखा बोट पुढं ढकलतो. हा आडवा पंखा बोटीचा मागचा भाग बाजूला सरकवतो. दोन बोटींच्या मधल्या अरुंद जागेत, वाऱ्यापावसात, बोट धक्क्याला लावायची असेल तर त्याचा उपयोग. आमच्या तलावावर ना दुसरी बोट, ना म्हणावा असा वारा. बैलगाडीला मागचा गिअर बसवावा तसा तो प्रकार होता. पण त्या पंख्यामुळे बोट जवळजवळ जागच्या जागी फिरायची, आणि ते बघून अध्यक्ष लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. आप्पा त्या पंख्याला इंग्रजी नावानं स्टर्न थ्रस्टर म्हणत आणि आमच्याकडूनही म्हणवून घ्यायचा प्रयत्न करत. गाव त्याला आडवा पंखाच म्हणत राहिलं.

आप्पा बोटीबरोबर आले नव्हते, समितीनं त्यांना बोट चालवायला शोधून आणलं होतं. ते मुरुडचे. म्हणजे आपल्या लातूरजवळच्या मुरुडचे, जिथं बाजार मोठा भरतो आणि पाणी विहिरीत असतं. बोट पोचवायला आलेल्या पुण्याच्या माणसाला मात्र ते कोकणातल्या समुद्रकाठच्या मुरुडचे वाटले. तो त्यांच्याशी अदबीनं बोलायला लागला, भरती-ओहोटीचं विचारायला लागला. आप्पांनी त्याचा गैरसमज दूर केला नाही. उलट डोळे बारीक करून आमच्या तलावाकडे बघितलं आणि म्हणाले, "हितं भरती कमी हाय." मी तिथंच उभी होते. या माणसाचं आणि आपलं जमणार नाही, हे मला त्याच क्षणी कळलं.

मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसले होते. समितीनं मला तिकिटं फाडायला ठेवलं. तलावाच्या काठी पत्र्याची टपरी, तिच्यात मी, आणि समोर दिवसभर आप्पा. तरुणपणी ते मुंबईला पळून गेले होते आणि बोटी दुरुस्त करायच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं होतं. तिथं ते नेमके कोण होते, हे विचारलं की उत्तर माणसागणिक बदलायचं. अध्यक्षांना ते सांगत, फोरमन. रिक्षावाल्यांना सांगत, कप्तान. मला म्हणाले, "तुला सांगून समजनार हाय का?"

हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. सांगून समजनार हाय का. अध्यक्षांना, प्रवाशांना, मठातल्या स्वामींना, कुणालाही. माणूस प्रश्न विचारायचा आणि उत्तराऐवजी हे घेऊन परत जायचा.

दिसायला मात्र माणूस ऐटबाज. पांढरा शर्ट, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि कपाळावर भस्माच्या तीन रेघा. आमच्याकडे लिंगायतांच्या घरोघरी भस्म लावतात, त्यात नवल नाही. पण आप्पांच्या रेघा बघण्यासारख्या असत. उजव्या हाताची मधली तीन बोटं भिजवलेल्या भस्मात बुडवायची आणि एका ओढीत या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत. आरसा न बघता. तिन्ही रेघा अशा सरळ, की शाळेतल्या मास्तरांनी पट्टी धरून मारल्यासारख्या. दुपारी घाम आला तरी त्या हलत नसत. "एका खेपेत तीन," ते समोरच्याच्या फिसकटलेल्या कपाळाकडे बघून म्हणायचे. समोरचा घरी जाऊन कपाळ धूत असणार.

आता किल्लीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

आडव्या पंख्याची मोटर बोटीच्या आत होती, मागच्या बाकाखालच्या खणात. बाकाचं झाकण उचललं की मोटर, तिची बॅटरी आणि वीज तोडायची-जोडायची लाल दांड्याची किल्ली. किल्ली फिरवून काढून घेतली की मोटर मेली. किल्ली घालून फिरवली की मोटर जिवंत. मग सुकाणूजवळची छोटी दांडी नुसती कलती केली तरी मागं पाण्याखाली पंखा गरगरणार. पंख्यात शेवाळ, चिंध्या, सुतळी असलं काही अडकलं तर ते आतून निघत नसे. बोटीच्या मागं पाण्यात उतरून नळीत हात घालावा लागे. आप्पांनी त्यासाठी एक नियम केला होता. ज्याचा हात आत, किल्ली त्याच्या गळ्यात. हात नेहमी त्यांचाच असल्यामुळे किल्लीही कायम त्यांच्याच गळ्यात. ज्या दोऱ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, त्याच दोऱ्यात, पंखा चालवताना सोडता येईल अशी आकड्याला अडकवलेली, ही लाल किल्ली.

स्वामींनी एकदा हटकलं, "आप्पा, लिंगाशेजारी हे काय बांधून ठिवलाव?"

"हे बी राखतंय, ते बी राखतंय," आप्पा म्हणाले.

मठात परत जाताना स्वामींनी अध्यक्षांकडे तक्रार केली म्हणतात.

बोटीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. टपरीत गिऱ्हाईक नसलं की मी ती वाचत बसे, दुसरं वाचायला काही नव्हतं. तिच्यात लिहिलं होतं, की नळीत हात घालण्यापूर्वी किल्ली काढावी, शिवाय बॅटरीची तारही सोडावी, आणि बोटीवरच्या सगळ्यांना आपण काय करतोय ते सांगावं. मी आप्पांना हे वाचून दाखवलं.

"तार सोडायची ते किल्ली हारवनाऱ्यानं," आप्पा म्हणाले.

"आणि सगळ्यांना सांगायचं?"

"कुनाला सांगू? ह्यांना?" त्यांनी काठावर पत्ते कुटत बसलेल्या समितीच्या सभासदांकडे हनुवटी उडवली. "ह्यांना सांगून समजनार हाय का? किल्ली माज्या गळ्यात हाय, तवर ब्रह्मदेव आला तरी पंखा फिरत न्हाई."

समितीचे सभासद पत्ते कुटत होते, हे खरंच होतं. त्यामुळे मी पुस्तिका मिटली.

मागचा बाक हे त्यांचं आणखी एक खूळ. त्यावर कुणी बसलेलं त्यांना चालायचं नाही. नवं लग्न झालेलं जोडपं हटकून मागं जाऊन बसायचं, आणि तलावाच्या मध्यावर आप्पा इंजिन बंद करून उभे राहायचे. "उठा. तुमच्या बुडाखाली माजी बॅटरी हाय." नवरी लाजून लाल व्हायची. खणात काही ठेवलेलं तर बिलकुल चालत नसे. हवा खेळती पाहिजे, ओलं काही नको, लोखंडी काही नको. पुस्तिकाही तेच म्हणत होती, पण पुस्तिका एवढी ओरडत नव्हती.

वेळअमावस्येला आमच्याकडे सगळं गाव रानात जेवायला जातं. अध्यक्षांचं रान तलावाच्या पलीकडे. त्या वर्षी त्यांनी गाडीऐवजी बोट काढली, सगळं खटलं बोटीत भरलं, आणि त्यांच्या मंडळींनी आंबिलीचं बिंदगं, म्हणजे मातीची घागर, हलू नये म्हणून मागच्या खणात, बॅटरीला टेकवून ठेवलं. बाकाचं झाकण नीट बसलं नाही, हे आप्पांनी अर्ध्या वाटेवर पाहिलं. बोट थांबली. आप्पांनी झाकण उचललं आणि आत बघितलं. मग ते आंबिलीनं काठोकाठ भरलेलं बिंदगं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि अध्यक्षांच्या मांडीवर ठेवलं.

"धरा," म्हणाले.

"आप्पा, कापडं खराब होतेत माजी."

"कापडं धुता येतेत. आंबील तारंवर सांडली असती तर वेळअमावस्या पान्याखाली केली असती समद्यांनी."

अध्यक्ष पलीकडच्या काठापर्यंत बिंदगं मांडीवर धरून बसले. बोट हलेल तशी आंबील त्यांच्या नव्या पांढऱ्या धोतरावर येत राहिली. त्यांची सून तोंडाला पदर लावून हसत होती. आडतीच्या धंद्यात माणूस एवढं विसरत नाही.

त्याच्या आधीची खंडेनवमीही ते विसरले नव्हते. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याचं पोट ज्यावर, ते त्या दिवशी पाटावर मांडायचं. नांगराचा फाळ, वजनकाटा, शिलाई मशीन, ट्रॅक्टरची चावी. समितीनं बोटीची पूजा काढली आणि पाटावर मांडायला किल्ली मागितली. आप्पा देईनात. किल्ली गळ्यातून उतरणार नाही, पूजा करायची तर गळ्यातच करा. ब्राह्मण खोळंबला, मुहूर्त टळायला आला. शेवटी आप्पा पाटावर मांडी घालून बसले, अध्यक्षांनी त्यांच्या छातीवरच्या किल्लीला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, आणि निरांजन ओवाळलं. लांबून बघणाऱ्याला आप्पांचीच आरती चाललीय असं दिसत होतं. फोटोतही तसंच आलं. तो फोटो सलूनवाल्यानं पाटीशेजारी लावला. आप्पा केस कापायला गेले की त्याच्याकडे बघत बसायचे. तेवढे खूष ते मला पुन्हा कधी दिसले नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस आला नाही. मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही तशीच. तलाव आटायला लागला. धक्क्याच्या पायऱ्या संपल्या, पायऱ्यांखालचा गाळ उघडा पडला, आणि बोट पाण्यामागं मागं सरकत तलावाच्या मधल्या डबक्यात जाऊन राहिली. त्याच डबक्यातून गावाचे टँकर भरत. बायका घागरी घेऊन गाळातून वाट काढत यायच्या, आणि तरीही एखादं जोडपं तिकीट काढायचंच. एका बाईनं घागर कमरेवर ठेवून अशा जोडप्याला सांगितलं, "फिरून झालं की पानी जाग्यावर ठिवा, बरं का." मी तिकीट फाडलं, पण मान वर केली नाही.

अशा वेळी कुठल्याही शहाण्या माणसानं बोट बंद केली असती. पण त्याच दिवसांत नव्या जिल्ह्यांची बोलणी सुरू झाली होती आणि अध्यक्षांच्या मते बोट बंद करणं म्हणजे जिल्ह्यावर पाणी सोडणं. पाणी नव्हतंच, हा मुद्दा निराळा. उथळ पाण्यात पंखा गाळ ओढायचा, गुटख्याच्या पुड्या ओढायचा, कुजलेली जलपर्णी ओढायचा. आप्पा रोज पँट गुडघ्यावर गुंडाळून मागं उतरायचे, किल्ली गळ्यात, उजवा हात खांद्यापर्यंत नळीत. डावा हात ते त्या कामाला कधी लावत नसत. पूजेला लिंग डाव्या तळहातावर घेतात. तो हात देवाचा, तो गाळात घालायचा नाही. मग वाकडं होऊन, मान पाण्याला टेकवून, अर्धा-अर्धा तास उजव्याच हातानं चाचपडायचं. बाहेर आले की म्हणायचे, "निस्ता उकिरडा करून टाकला समुद्राचा." त्या डबक्याला समुद्र म्हणताना त्यांची जीभ अडखळत नसे.

खंडेनवमी पुन्हा आली. या खेपेला एक मोठे नेते येणार होते. जिल्ह्याबद्दल ते दोन शब्द बोलणार, असं समितीला कुणीतरी लातूरहून कळवलं होतं. त्यांच्या हस्ते बोटीची पूजा, त्यांच्याच हस्ते बोट जागच्या जागी फिरवणं, मग भाषण. नेत्यांना आप्पांच्या छातीची आरती करायला लावणं अध्यक्षांना परवडणार नव्हतं. त्यांनी यावर एक उपाय काढला आणि आपल्या हुशारीवर खूष होऊन कुणालाही सांगितला नाही. आप्पा दुपारी जेवून आडवे होत तेव्हा छातीला रुतते म्हणून किल्ली तेवढी आकड्यातून काढून उशाला ठेवत. अध्यक्षांनी कुणाकडून तरी ती उचलून आणवली, साबणावर तिचा छाप घेतला आणि परत ठेववली. उदगीरच्या चावीवाल्यानं दुसरी करून दिली. पूजेपुरती. आप्पांचा मान राहील, नेत्यांचाही राहील, आणि ब्राह्मण खोळंबणार नाही.

सकाळी बोट सजवली. आप्पांनी बजावून ठेवलं होतं, हार फक्त पुढं घालायचे. पण आमच्याकडे गाडीला हार घालतात तो पुढून आणि मागून. कुणीतरी मागंही झेंडूचा भलामोठा हार सोडला. आप्पांनी चाचणीला पंखा फिरवला आणि हार नायलॉनच्या दोऱ्यासकट नळीत गेला. मला टपरीपर्यंत त्यांच्या शिव्या ऐकू आल्या, सगळ्या मुंबईच्या. मग त्यांनी किल्ली काढली, गळ्यात घातली, आणि पाण्यात उतरले. बोटीच्या मागं, कमरेइतक्या पाण्यात, डबक्याच्या काठावर घातलेल्या मांडवातून दिसणार नाहीत असे. ते उतरताहेत हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. सांगून समजणार होतं का कुणाला?

तोवर मला अध्यक्षांनी रस्त्यावर पाठवलं होतं, नेत्यांना ओवाळायला. गाड्या आल्या, धूळ उडाली, मी ओवाळलं, आणि त्यांच्यामागं मांडवात आले तेव्हा पाटावर तांब्या, नारळ, आणि त्यांच्यामधे लाल दांड्याची किल्ली होती. हळद-कुंकू लावलेली. मला वाटलं, म्हातारा अखेर नमला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. घरी रुसून बसला असेल, असंही वाटलं.

पूजा झाली. अध्यक्ष नेत्यांना हाताला धरून फळीवरून बोटीत घेऊन गेले. झाकण उचललं. नेत्यांनी पूजेची किल्ली घातली, फिरवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "सायब, हितं दांडी हाय. निस्ती कलती करा. बोट कशी फिरती बगा."

आवाज मोठा झाला नाही. पिठाच्या गिरणीत खडा गेल्यावर होतो तसा. मग पाणी लाल झालं, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांना वाटलं ताटातलं कुंकू सांडलं.

आप्पा बोटीच्या मागून उभे राहिले. ते ओरडले नाहीत. डाव्या हातानं त्यांनी गळ्यातली किल्ली चाचपली, मान खाली घालून तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "किल्ली तर माज्यापाशी हाय." मग त्यांनी किल्ली वर उचलून सगळ्यांना दाखवली. "हे बगा की. माज्यापाशी हाय."

त्यांना लातूरला नेलं ते टँकरच्या ड्रायव्हरनं. मांडवाबाहेर गाड्या पुष्कळ होत्या, पण त्यांच्या सीटांवर पांढरे टॉवेल घातलेले होते. टँकर अर्धा भरला होता. ड्रायव्हरनं पाणी तिथंच गाळात सोडून दिलं आणि गेला. नेत्यांनी भाषण आटोपतं घेतलं. नव्या जिल्ह्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे, असं म्हणाले. लोकांनी तेव्हाही टाळ्या वाजवल्या.

आठवडाभरानं समितीची बैठक झाली, टपरीसमोरच. मी आत बसून सगळं ऐकत होते. नेत्यांच्या हातून असं काही झालं, ही गोष्ट बाहेर जाता कामा नये, यावर सगळ्यांचं एकमत होतं. ते कसं साधायचं, हे अध्यक्षांना सुचलं. "आप्पा सोताच काय म्हनायचे? ज्याचा हात आत, किल्ली त्याच्या गळ्यात. किल्ली गळ्यात असंल तर पंखा फिरत न्हाई. आता किल्ली आप्पांच्या गळ्यात व्हती का न्हाई? समद्यांनी बगितली. त्यांनीच दाखिवली. मंग पंखा फिरला न्हाई. पंखा फिरला न्हाई तर हात कापला कसा?" सभासद विचारात पडले. शेवटी असं ठरलं, की आप्पा गाळात घसरून पडले आणि खाली काचा होत्या. काचा कुणी टाकल्या यावर बराच वेळ चर्चा झाली. मी माझी पर्स उचलली, टपरीला कुलूप लावलं आणि परत गेले नाही. त्या माणसांवरचा राग अजून माझ्या पोटात आहे, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

जिल्हा झाला नाही, हे सांगायला नको. पाट्यांवरचं 'नियोजित' अजून तसंच आहे. रंग उडाला की पुन्हा देतात. बोट कोरड्या तलावात एका अंगावर कलंडून पडली. शेळ्या तिच्या सावलीला बसायच्या.

लग्नानंतर मी लातूरला आले. एकदा मुरुडला नातेवाइकांकडे बारसं होतं. सकाळी लवकर पोचले, आणि गल्लीच्या तोंडाला ओसरीवर आप्पा दिसले. आप्पा मला कधी आवडले नव्हते, आजही आवडतात असं नाही. पण पाय थांबले.

"टपरीवाली," ते म्हणाले. "बस."

अंघोळ झालेली होती, अंगावर धोतर, समोर पाट आणि भस्माची वाटी. गळ्यात तोच दोरा. त्यात डबी, तिच्याशेजारी किल्ली, आणि तिच्याशेजारी दुसरी किल्ली. दुसरीच्या खाचेत सुकलेलं कुंकू तसंच होतं.

मी तिच्याकडे बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "मागून घेटली," म्हणाले. "दुसरी हाय म्हनून कुनी सांगितलं असतं, तर दोनी घातल्या असत्या."

तुम्ही पाण्यात उतरताय म्हणून तुम्ही तरी कुणाला सांगितलंत, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मग त्यांचा उजवा हात वर आला आणि मी ते गिळलं. अंगठा होता, करंगळी होती. मधलं काही नव्हतं.

त्यांनी करंगळी भस्मात बुडवली आणि एक रेघ ओढली. पुन्हा बुडवली, दुसरी ओढली. पुन्हा बुडवली.

"डाव्या हातानं लावा की," मी म्हणाले. "त्याची बोटं आहेत ना सगळी."

"डावा देवाचा हाय."

तिसरी रेघ झाली. आरसा त्या घरात कधी लागलाच नसावा. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी मला विचारलं. टपरीच्या सगळ्या दिवसांत त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"सरळ आल्या का?"

मी बघितलं. "मधली वाकडी आलीय," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं, भस्मात पाण्याचे दोन थेंब टाकले आणि पहिल्या रेघेपासून पुन्हा सुरुवात केली.